शुश्रूषकाचा शब्द

रोग्याची नाडी वैद्य पाहतो. रात्र मात्र घरचें माणूस जागून काढतें. मनोरुग्णाच्या बाबतींत हें विशेषच खरें आहे. समजा, पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या कारागिराचा वडील भाऊ अशा रोगानें ग्रस्त आहे. किंवा रोह्यास एखाद्या वृद्ध मातेच्या पदरीं असा मुलगा आहे. औषध केव्हां टळलें, झोप किती लागली, कोणत्या शब्दानें रोगी बिथरला, याची नोंद त्या घराखेरीज कोठें असणार? ठाण्याचें प्रादेशिक मनोरुग्णालय गांठावयाचें तर सोबत जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. या कामास वेतन नाहीं, रजा नाहीं, आणि पुष्कळदां शेजाऱ्यांची सहानुभूतीहि नाहीं.

घरच्या माणसांस उपचारांत सामील करून घेण्याचा प्रयोग आपल्या देशांत नवा नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं आवारांत तंबू ठोकून नातेवाइकांस रोग्यांजवळ राहूं दिलें. कुटुंबास रोग कळला, तेव्हां रोग्याची घरची वाटहि सुकर झाली. महाराष्ट्रांत या विचारास संस्थेचें रूप मिळालें तें एका शुश्रूषकाच्याच हातून. कॅनडांतील कॅलगरी विद्यापीठांतील प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस स्किझोफ्रेनिया झाला होता. त्या अनुभवांतून त्यांनीं पुण्यास स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभारली. २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटाच्या पाठीशींहि तेच होते.

आतां कायद्यानेंहि हा शब्द मान्य केला आहे. २०१७ सालीं संमत होऊन २०१८ सालीं अमलांत आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यान्वयें राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर शुश्रूषकांच्या दोन प्रतिनिधींस स्थान आहे. पुनर्विलोकन मंडळावरहि दोन जागा मनोरुग्ण, त्यांचे शुश्रूषक किंवा त्यांच्या संस्था यांकरितां ठेवल्या आहेत. शिवाय रोग्यास घरीं पाठवितांना पुढील उपचारांविषयीं स्वतः रोग्याचा, आणि तो ज्यांच्यापाशीं राहणार त्यांचाहि विचार घेणें मनोविकारतज्ज्ञांस बंधनकारक आहे.

येथें एक विवेक मात्र सुटूं नये. शुश्रूषकाची सोय आणि रोग्याची इच्छा ह्या नेहमींच एक नसतात. थकलेल्या घरास रोगी दूर असावा असें वाटूं शकतें; रोग्यास तें नको असतें. म्हणून कायद्यानें आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार रोग्यासच दिला आहे. शुश्रूषकानें रोग्याच्या शेजारीं बसून बोलावें, त्याच्या जागीं बसून नव्हे.

परंतु खुर्ची ठेवली म्हणजे माणूस येतोच असें नाहीं. रोह्याची ती माता अलिबागेस बैठकीला गेली, तर त्या दिवशीं मुलाजवळ कोण बसेल? कारागिराची मजुरी कोण भरून देईल? बैठक तालुक्याच्या गांवीं घ्यावी, प्रवासखर्च व बुडालेली मजुरी द्यावी, तेवढा वेळ रोग्याजवळ विश्वासाचें माणूस ठेवावें, आणि चर्चा घरगुती मराठींत व्हावी. मग औषधें तालुक्यांतच मिळावीं कीं नाहीं, बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारीं उघडावा, हें त्या माउलीइतकें नेमकें दुसरें कोणी सांगूं शकणार नाहीं. तिला विचारण्यापूर्वीं तिला घराबाहेर पडतां येईल अशी तजवीज करणें, हें पहिलें कर्तव्य होय.