काकांचा वॉकमन
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



उभे राहून बोलायची मला सवय नाही. दरवर्षी मी बटाटेवड्यांच्या परातीमागे असते आणि तेथूनच सर्वांची भाषणे ऐकते. यंदा चिटणीसबाईंनी ‘आमच्या वेळची एक वस्तू’ असा विषय ठेवला आणि मला न विचारताच माझे नाव फळ्यावर लिहून टाकले. आतापर्यंत कोणी जात्यावर बोलले, कोणी वातीच्या स्टोव्हवर. मी वॉकमनवर बोलणार आहे. ती वस्तू माझी नव्हती, माझ्या काकांची होती. आणि तिच्यापायी माझ्या हातून जे घडले ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

माझे माहेर संगमेश्वराकडचे. धाकटे काका कुवेतला शिवणकाम करीत असत. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतात शिरले आणि आमच्या घरात रेडिओ दिवसभर बंद होईनासा झाला. आपले लाखाहून अधिक लोक तेथे अडकले होते. ते बसने बगदादमार्गे जॉर्डनपर्यंत आले, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्यांना मुंबईस आणले. आमचे काका सप्टेंबरात आले. बारा वर्षांची कमाई, शिवणाचे यंत्र, काकूसाठी घेऊन ठेवलेले कापड, सगळे तेथेच राहिले. खांद्यावरच्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल आणि टॉवेलात गुंडाळलेला वॉकमन. त्यात एकच कॅसेट.

ती कॅसेट माझ्या आजीची. म्हणजे काकांच्या आईची.

तरुण मुलींना हे सांगावे लागेल. त्या वेळी आमच्याकडून आखातात फोन करायचा तर तालुक्याला जाऊन तासन् तास बसावे लागे, आणि आजीला लिहिता येत नव्हते. म्हणून लोक कॅसेटमध्ये बोलून ती जाणाऱ्याच्या हाती देत. आमच्या खालच्या मोहल्ल्यात एका घरी रेडिओ आणि टेप एकत्र असलेला मोठा टू-इन-वन होता. त्या घरच्या चाचीने १९८८ च्या उन्हाळ्यात तो आमच्या ओटीवर आणला, आणि आजीला समोर बसवून दोन कळा एकदम दाबल्या. आजी आधी पाच मिनिटे बोलेचना. मग म्हणाली, “झालं का रे हे चालू?” तेही त्यात उमटले आहे. फणस किती लागले, पाडी कोणती ठेवली, कोणाचे लग्न झाले, असे सगळे बोलून झाल्यावर चाची म्हणाली, “अम्मा, काही तरी गा ना.” तेव्हा आजीने जाते ओढत ओव्या म्हटल्या. जात्याची घरघरही त्यात आली.

पुढच्याच वर्षी आजी गेली. काकांना यायला मिळाले नाही. तेव्हा कुवेत सोडताना त्यांनी काय उचलले आणि का, हे मला आज कळते. त्या वेळी मी बारा वर्षांची होते आणि मला फक्त वॉकमन दिसत होता.

काय त्याची ऐट! कमरेला लावायचा, डोक्यावरून तारेची पट्टी, कानांवर काळ्या स्पंजच्या दोन चकत्या. काका रात्री जेवून ओट्यावर बसत, तो कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. आम्हाला काहीच ऐकू येत नसे. काका समोर बसलेले आणि आजी त्यांच्याशी बोलते आहे, पण आपल्याला काही कळत नाही, हे फार चमत्कारिक वाटे. काकू आत भांडी घासताना पुटपुटे, “माणूस आला, पण कान तिकडेच ठेवून आला.”

परवा माझ्या मुलाने मला एक माहिती वाचून दाखवली. पहिला वॉकमन जपानच्या सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी काढला. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी तो आधी घरी नेऊन ऐकला, तेव्हा त्यांच्या बायकोला राग आला, की हा एकटाच ऐकतो आणि आपण बाहेर! म्हणून त्या पहिल्या वॉकमनला दोघांनी ऐकण्यासाठी दोन भोके ठेवली, आणि एक नारिंगी बटण, ते दाबले की गाणे हळू होऊन शेजारच्याचे बोलणे ऐकू यावे. मी मुलाला म्हटले, जपानात काय आणि संगमेश्वरात काय, बायकांचे म्हणणे एकच. पुढच्या वॉकमनांतून मात्र ते बटण गेले. काकांच्या वॉकमनला एकच भोक होते. मी आणि माझा भाऊ ती पट्टी उलगडून एकेक चकती बाहेरच्या बाजूला वळवीत असू, आणि कानाला कान लावून, डोकी घट्ट चिकटवून दोघे ऐकत असू. खोबरेल तेलाने त्या स्पंजांचा वास किती दिवस जात नव्हता.

दोन पेन्सिल सेल लागत. सेल उतरले की गाण्याची चाल मंदावे आणि बाईचा आवाज पुरुषासारखा जाड होई. मग ते सेल उन्हात तापवायचे, दातांनी चावायचे. (हे मुलांना शिकवू नका.) फीत गुंडाळायला यंत्र वापरले तर सेल खर्च होत, म्हणून पेन्सिल भोकात घालून कॅसेट गरगरा फिरवायची. ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर फीत असते, म्हणजे आपले दहा-अकरा नऊवारी लुगडे! एकदा ती यंत्रात गुंतून बाहेर आली तेव्हा काकांनी दोन तास बसून, कापडाची सुरकुती काढावी तशी, बोटाने सारखी केली.

१९९१ साली मी सातवी झाले. गावची शाळा तेवढीच. पुढची शाळा नदीपलीकडे, म्हणून भाऊ गेला आणि मी घरी राहिले. काका बाजारात दुसऱ्याच्या यंत्रावर शिवायला बसू लागले आणि वॉकमन फडताळात पडून राही. दुपारी सगळे झोपले की मी तो काढत असे. भगिनींनो, त्या घरात आम्ही अकरा माणसे होतो. दार लावून बसावे अशी एकही खोली नव्हती. कानांवर त्या चकत्या चढवल्या की तेवढा वेळ मला कोणी हाक मारलेली ऐकू येत नसे. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी अशी जागा मिळाली, आणि ती माझ्या दोन कानांच्या मधे होती.

पण ऐकायला कॅसेट एकच, आजीची. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला फणसाच्या आणि पाडीच्या गोष्टी किती दिवस पुरणार? मला सिनेमाची गाणी हवी होती. त्या पावसाळ्यात ‘साजन’ची गाणी जिथे तिथे वाजत होती. कोरी कॅसेट आणायला पैसे कोण देणार? मी विचार केला, कॅसेटला दोन अंगे असतात; आजी एका अंगावर आहे, दुसरे कोरेच आहे. ती झग्यात लपवून मी चाचीकडे गेले. चाची नमाजाला आत गेली होती. रेडिओवर गाणे लागले आणि मी दोन कळा एकदम दाबल्या. एक गाणे, मग दुसरे.

दोन्ही अंगे एकाच फितीवर असतात, वरची अर्धी पट्टी एका अंगाची आणि खालची अर्धी दुसऱ्या अंगाची. कॅसेट उलटी घातली की दुसरी पट्टी लागते. मी घाईत होते. उलटायची ती उलटली नाही. आणि भरण्याची कळ दाबली की फीत आधी पुसणाऱ्या तुकड्यावरून जाते, मग भरणाऱ्यावरून. म्हणजे जुने पुसले गेल्याखेरीज नवे उमटतच नाही. हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळले. घरी येऊन लावले तेव्हा एवढेच कळले, की जात्याची घरघर सुरू होते आणि तिच्यामधूनच बाजा वाजू लागतो.

मी कॅसेट होती तशी ठेवून दिली.

रात्री काकांनी लावली. मी चुलीपाशी होते, तेथून त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी कानावरून पट्टी काढली, फीत मागे घेतली, पुन्हा ऐकली. मग विचारले, “गाणं कोणी भरलं?” कोणी बोलले नाही. सिनेमाच्या गाण्यांचे वेड घरात माझ्या भावाला, हे सर्वांना ठाऊक होते. वडिलांनी त्याला ओट्यावर ओढत नेले आणि छत्रीच्या दांड्याने मारले. तो ‘मी नाही, मी नाही’ म्हणत होता. मी भाकरी थापत राहिले. माझी भाकरी त्या दिवशी नीट गोल झाली होती, हे मला अजून आठवते.

काकांनी त्याला सोडवले. मग सुरी घेतली आणि कॅसेटच्या मागच्या कडेला असतात त्या दोन्ही चिपट्या मोडून टाकल्या. त्या मोडल्या की भरण्याची कळ दाबलीच जात नाही. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

काका २०१९ साली वारले. काकूने त्यांची पेटी उघडली तेव्हा वॉकमन आणि ती कॅसेट वर आली, आणि काकूने ती माझ्या हाती दिली, “तुला आवड होती ना” म्हणून. त्यावर मी काय बोलणार? वॉकमनचा रबरी पट्टा विरघळून गेला होता. कोकणातल्या दमटपणाने फितीवर पांढरी बुरशी धरली होती. माझ्या भाच्याने ती पुसून, जुना टेप मिळवून, तारेने संगणकाला जोडून सगळे उतरवून घेतले, आणि ते माझ्या या मोबाईलमध्ये आहे. आजी बोलते, मग दोन ओव्या होतात, तिसरीच्या अर्ध्यावर गाणे येते. नऊ-दहा मिनिटे गाणी. मग एकदम आजी, मधल्याच शब्दापासून: “…ली धाड. बरं, आता पुरे कर गो.” काय धाड म्हणाली, खुशाली की आणखी काही, ते गाण्याखाली गेले.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मी वाचले तेव्हा मला धीर आला आणि लाजही वाटली. मी माझ्या आत्याकडे जाऊन बसले. ती आता ऐंशीच्या घरात आहे. म्हण म्हटले की तिला आठवत नाही. पण रिकामे जाते ओढायला दिले आणि हात फिरू लागला तशा आठवू लागल्या. अकरा ओव्या मी वहीत लिहून घेतल्या. त्या त्याच की दुसऱ्या, हे आत्यालाही सांगता येत नाही.

तुमच्यापैकी अनेकींच्या घरी बारशाच्या, लग्नाच्या, कोणाच्या बोलण्याच्या कॅसेटी पडून असतील. एक काम आज घरी गेल्यावर करा. फीत दिसते ती कड खाली आणि जपायचे अंग आपल्याकडे धरा. मागच्या कडेची डाव्या हाताची चिपटी मोडा. बुरशी असेल तर वाजवू नका, आधी माझ्याकडे आणा. भाच्याचा टेप सध्या माझ्याकडेच आहे, आणि मंगळवारी दुपारी मी मोकळी असते.

आमची स्मरणिका छापून आली की एक प्रत भावाला पुण्याला धाडणार आहे. फोनवर सांगायला चार वेळा घेतला होता, दर वेळी पाऊसपाण्याचेच बोलणे झाले. पान कोणते ते मी आत चिठ्ठीवर लिहून देईन.