नराणीपासून नेल सलूनपर्यंत : एका दुकानाचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला व्यवसायाविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे आणि बाराखडी शिकविण्यात गेला. व्यापारातले मला काय कळणार? परंतु माझ्या घरातलेच एक दुकान बुडता बुडता सावरलेले मी जवळून पाहिले आहे. त्यात माझ्या हातून घडलेली चूकही आपल्यापुढे सांगावी, म्हणून उभा राहिलो आहे.

आपल्यापैकी जुन्या मंडळींना धोकटी आठवत असेल. वस्तरा, कात्री, कंगवा, आरसा, वाटी, आणि एका कोपऱ्यात नखे काढण्याची नराणी. माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी बलुत्यावर काम करीत. म्हाताऱ्या माणसांची पायाची नखे जाड होतात, त्यांना वाकवत नाही. वडील त्यांचे पाय कोमट पाण्यात भिजवून, मांडीवर घेऊन, नराणीने नखे काढीत. मी लहानपणी जवळ बसून हे पाहिले आहे. पुढे मास्तर झाल्यावर मात्र ही आठवण मी चारचौघांत कधी काढली नाही. मला तिची लाज वाटत असे.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर झाली. तिने मुंबईस राहून नखांच्या कामाचे शिक्षण घेतले आणि 2022 च्या दसऱ्याला पुण्यात नेल सलून उघडले. नखांवर जेलचा रंग चढविणे, कृत्रिम नखे बसविणे, नखांची निगा राखणे, असे हे काम. भावाने शिल्लक घातली, उरलेले कर्ज काढले. उद्घाटनाचे निमंत्रण घेऊन ती स्वतः आली, तेव्हा मी म्हणालो, "एवढी शिकलीस आणि पुन्हा लोकांच्या नखांतच हात घातलास?" मी उद्घाटनाला गेलो नाही. हीच ती माझी चूक.

पंधरा महिन्यांनी, 2024 च्या जानेवारीत, भावाचा दूरध्वनी आला. "अण्णा, पोर दुकान बंद करते म्हणते. दिवसभर राबते, दुकान भरलेले असते, आणि महिनाअखेर हप्त्याला पैसे नसतात. तुम्ही एकदा तिच्याशी बोला." मी दुसऱ्याच दिवशी गेलो. दुकान खरोखरच भरलेले होते. चार बायका ताटकळत होत्या आणि मुलीने दुपारचे दोन वाजून गेले तरी अन्नाला हात लावला नव्हता. भरलेले दुकान तोट्यात कसे जाते, हा प्रश्न मला एखाद्या अवघड उदाहरणासारखा वाटला आणि मी पाटी घेऊन बसलो.

प्रथम खर्च मांडला. भाडे 18,000, मदतनीस मुलीचा पगार 12,000, कर्जाचा हप्ता 9,000, वीज व पाणी 3,000, किरकोळ 2,000. एकूण 44,000 रुपये. जमा सरासरी 52,000. त्यातून जेल, कृत्रिम नखे, ॲसिटोन, कानशी, कापूस यांचे 11,000 गेले की उरतात 41,000. म्हणजे दरमहा 3,000 ची तूट! शिवाय या हिशेबात तिच्या स्वतःच्या श्रमाचा एक पैसाही धरलेला नव्हता. मी विचारले, "बाळ, तुझा पगार कुठे आहे?" ती म्हणाली, "काका, उरले तर घेते." आपल्या समाजातील किती दुकाने या "उरले तर" वर चालतात, याचा प्रत्येकाने घरी जाऊन विचार करावा.

मग वेळेचा हिशेब केला. महिन्याचे 26 दिवस आणि प्रत्यक्ष कामाचे रोज 7 तास धरले तर 182 तास होतात. 44,000 ला 182 ने भागले असता तासाला सुमारे 242 रुपये पडतात. तासाला एवढे तरी सुटलेच पाहिजेत. आता पाहा. कृत्रिम नखे बसविण्याचा दर 1,200 रुपये. परंतु गर्दी खेचण्यासाठी तिने अर्ध्या किमतीची योजना लावली होती. 600 रुपये आले, 250 चे साहित्य गेले, 350 उरले, आणि वेळ लागला अडीच तास. तासाला 140 रुपये! म्हणजे असे गिऱ्हाईक खुर्चीत बसले की दर तासाला शंभराचे नुकसान. उलट साध्या जेलच्या रंगाचे 500 रुपये येतात, साहित्य 70 चे लागते आणि काम पन्नास मिनिटांत उरकते. दुकान ज्या कामाने भरले होते, त्याच कामाने ते रिकामे होत होते.

तिसरी गोष्ट मी शाळेतलीच केली. हजेरीपट आखला. तिच्या वहीतून सहा महिन्यांची नावे उतरविली आणि प्रत्येक भेटीला खूण केली. 212 नवी गिऱ्हाइके आली होती. त्यांपैकी 140 अर्ध्या किमतीच्या योजनेतली. त्यातून परत आली केवळ 9. पूर्ण दर देणारी 72; त्यातून परत आली 31. योजनेची मंडळी स्वस्ताई संपताच दुसऱ्या दुकानाच्या स्वस्ताईकडे गेली होती. परंतु पूर्ण दर देणाऱ्याही 41 जणी का आल्या नाहीत? मी मुलीला म्हटले, "त्यांना फोन कर आणि विचार. रागावल्या तर ऐकून घे."

उत्तरे कडू होती. कुणाचे जेल आठ दिवसांत सुटले. कुणाला ठरलेल्या वेळेनंतर चाळीस मिनिटे बसावे लागले. कुणाचे जुने जेल घाईने खरवडून काढल्यामुळे नखे पातळ होऊन दुखू लागली. मुलीला रडू आले, कारण या सर्व गोष्टी तिला शिक्षणात शिकविलेल्या होत्या. जेल लावण्यापूर्वी नखाचा पृष्ठभाग कोरडा व तेलविरहित करावा लागतो आणि कडेची मृत त्वचा दूर करावी लागते. नाही तर ते उचलते. जेल कातडीला लागू द्यावयाचे नसते, कारण न सुकलेले जेल वारंवार कातडीला लागले तर ॲलर्जी जडू शकते. थर जाड दिला तर दिव्याखाली बोट भाजते. आणि काढताना ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावे लागते. हे सर्व तिला येत होते. अर्ध्या किमतीच्या गर्दीने तिच्याजवळचा वेळच काढून घेतला होता, आणि वेळेबरोबर हातातला गुणही गेला होता.

यानंतर जे केले ते थोडक्यात सांगतो. अर्ध्या किमतीची योजना त्याच आठवड्यात बंद केली. प्रत्येक कामाचा दर त्याला लागणाऱ्या वेळेवर बसविला. वेळ राखून ठेवणाऱ्याकडून 200 रुपये आगाऊ घेऊन ते बिलात वळते करण्याचा नियम केला; त्यामुळे न कळविता गैरहजर राहणे जवळजवळ थांबले. सात दिवसांत काम सुटले तर विनामूल्य दुरुस्ती, अशी पाटी लावली. धातूची हत्यारे प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाने धुऊन निर्जंतुक करावयाची आणि कानस ज्याची त्याला, नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवावयाची, असा दंडक घातला. आणि निघताना पुढची तारीख देण्यास सुरुवात केली. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. तीन आठवड्यांत मुळाशी फट दिसू लागते. म्हणजे या धंद्याला निसर्गानेच पंचांग दिले आहे. आपले वाडवडील ठरलेल्या वारी घरोघर जात, त्यामागेही हेच शहाणपण होते.

पहिले दोन महिने दुकान ओस पडल्यासारखे दिसे. भावाचा धीर सुटत चालला होता. त्याच रिकाम्या वेळात मुलीने मला विचारले, "काका, आजोबा म्हाताऱ्यांची नखे काढायचे ना? कशी काढायचे?" मी तिला सांगितले, आणि सांगताना माझा कंठ दाटून आला. आज ती आठवड्यातून दोन दिवस सकाळी वृद्धांच्या घरी जाऊन पायांची नखे काढते. नख सरळ कापते, कोपऱ्यांत खोल जात नाही. जखम, सूज दिसली किंवा मधुमेही व्यक्तीच्या पायाची संवेदना गेलेली असली, तर हत्यार न लावता डॉक्टरांकडे पाठविते. या कामात साहित्याचा खर्च जवळजवळ नाही आणि गिऱ्हाईक तुटत नाही.

वर्षअखेरीस जमा 74,000 वर आली. साहित्याचे 13,000 आणि खर्चाचे 46,000 वजा जाता 15,000 रुपये तिच्या हाती पडू लागले. ही श्रीमंती नव्हे. कर्जाचे काही हप्ते अजून बाकी आहेत. परंतु तिच्या वहीत आता खर्चाची पहिली ओळ "स्वतःचा पगार" अशी असते.

बंधुभगिनींनो, या धंद्याकडे कमीपणाने पाहणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगतो. 1975 साली व्हिएतनाममधून परागंदा होऊन अमेरिकेत आलेल्या सुमारे वीस स्त्रियांना टिपी हेड्रन या चित्रपट-अभिनेत्रीने कॅलिफोर्नियातील एका छावणीत आपल्या नखे सजविणाऱ्या बाईकडून हे काम शिकवविले. आज त्या देशातील या धंद्याचा फार मोठा भाग व्हिएतनामी कुटुंबांच्या हाती आहे. त्यांच्यापाशी ना भाषा होती, ना भांडवल. आपल्यापाशी तर हे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. ज्या समाजात संत सेना महाराज झाले, ज्या समाजातील भाई कोतवालांनी 1943 साली सिद्धगडावर देशासाठी प्राण वेचले, त्या समाजाने आपल्या हत्यारांची लाज का बाळगावी?

मंडळाला माझी एकच नम्र सूचना आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण दरवर्षी करतो, तो करावाच. त्याबरोबर वर्षातून एक दिवस आपल्या दुकानदार मुलामुलींना हिशेबाची वही आणि गिऱ्हाइकांचा हजेरीपट लिहावयास शिकवावे. अनेक निवृत्त शिक्षक या सभागृहात बसले आहेत. आम्ही हे काम विनामूल्य करू. आणि घरातली मुलगी दुकानाचे निमंत्रण घेऊन आली, तर वडीलधाऱ्यांनी उद्घाटनाला अवश्य जावे. मी गेलो नाही; गेलो असतो, तर कदाचित तिने पंधरा महिने थांबण्याऐवजी पहिल्याच तुटीच्या महिन्यात मला वही दाखविली असती.