ग्रंथात उतरलेले गाणे : पं. विष्णु नारायण भातखंडे



उत्तरेस पैनगंगा आणि दक्षिणेस गोदावरी, यांच्या मधला जुना आदिलाबाद जिल्हा हा भाषांच्या संगमाचा प्रदेश होय. तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या चारही भाषा तेथे नांदतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला, २०१४ मध्ये तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये त्याचेही चार जिल्हे झाले. सीमा सरकल्या, तरी मराठी वाचणारी घरे दोन्ही बाजूंस राहिलीच.

अशा प्रदेशातील जिज्ञासूला शंभर वर्षांपूर्वी रागदारी शिकावयाची झाली असती, तर तो कोठे जाणार होता? थोर गवयी ग्वाल्हेर, रामपूर, जयपूर, बडोदे, हैदराबाद अशा दरबारांच्या आश्रयाने राहत. विद्या कंठात असे आणि कंठातून कंठातच जाई. पुष्कळदा ती घराण्याबाहेर जातही नसे. गवयी गेला की त्याच्याबरोबर कित्येक चिजाही जात. दरबारापासून दूर असलेल्या माणसाला ही विद्या मिळावी, म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण ग्रंथालयाच्या शताब्दीत विशेष उचित ठरते.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. ते १८८५ मध्ये पदवीधर झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. विद्यार्थिदशेतच त्यांनी सतार हाती घेतली होती. पुढे मुंबईच्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त त्यांना अनेक गवयांचा सहवास लाभला. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी धृपदे घेतली. काही वर्षांच्या अंतराने पत्नी आणि एकुलती कन्या यांचे निधन झाले. संसाराचा पाश तुटला आणि संगीत हेच त्यांचे जीवितकार्य झाले.

वकिलाला पुरावा लागतो. एकाच रागाविषयी दोन गवयी दोन मते देतात आणि जुने संस्कृत ग्रंथ तिसरेच सांगतात, हे पाहून ते पुराव्याच्या शोधात निघाले. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा प्रवास केला. एट्टयपुरम येथे त्यांना सुब्बराम दीक्षितर भेटले. त्याच वर्षी दीक्षितरांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ तेलुगू भाषेत प्रसिद्ध झाला होता. व्यंकटमखींच्या ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ या ग्रंथाची प्रतही भातखंडे यांना दीक्षितरांकडूनच मिळाली. त्यातील बहात्तर मेळांच्या रचनेचा त्यांच्या पुढील दहा थाटांच्या मांडणीवर मोठा प्रभाव पडला. तेलुगू आणि मराठी जेथे शेजारी नांदतात, तेथील वाचकाने हा दुवा अवश्य ध्यानात ठेवावा. पुढे हैदराबादेतील संस्कृत ग्रंथकार अप्पा तुलसी यांच्याशीही त्यांचा स्नेह जुळला.

‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ त्यांनी संस्कृतात, ‘चतुर पंडित’ या नावाने लिहिला. त्याचे सविस्तर विवेचन मात्र ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’च्या चार भागांतून मराठीत केले, आणि तेही गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. शंका विचारणारा शिष्य या ग्रंथात पानोपानी भेटतो. ज्याला गुरूसमोर बसता येत नाही, त्याच्या शंकांना ग्रंथाने उत्तर द्यावे, हीच त्यामागची दृष्टी दिसते. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्यांनी दीड हजारांहून अधिक चिजा स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू आणि तार स्वरावर बिंदू, इतकी ही लिपी सुटसुटीत आहे. चिजा मिळविण्यासाठी त्यांनी उस्तादांची मनधरणी केली आणि रामपूरच्या वजीर खाँसाहेबांसारख्यांचे शिष्यत्वही पत्करले.

या कार्यावर आक्षेपही आले. दहा थाटांची व्यवस्था पं. ओंकारनाथ ठाकुरांना मान्य नव्हती. दोन्ही मध्यम लागोपाठ घेणाऱ्या ललतासारख्या रागाला कोणत्याही एका थाटात बसविताना ओढाताण होते, हे खरे आहे. छापलेल्या चिजेत मींड, आंदोलन, स्वराचा लगाव उतरत नाही, हाही आक्षेप रास्त आहे. पण भातखंडे यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. आपले पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना त्यांनी केवळ पुस्तकांवर वाढविले नाही. त्यांना बडोद्यास फैयाज खाँसाहेबांच्या तालमीत पाठविले. पुस्तक विद्येचे दार उघडते आणि आत नेण्याचे काम गुरूच करतो, हा विवेक त्यांच्या या कृतीतून स्पष्ट होतो.

१९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. शास्त्री आणि उस्ताद एका मंडपात आले. १९१८ मध्ये ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज स्थापन झाले. रातंजनकर १९२८ मध्ये त्याचे प्राचार्य झाले. तीच संस्था आज भातखंडे यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. १९३३ मध्ये पक्षाघाताने पंडितजी अंथरुणास खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला.

मोठा गवई म्हणून त्यांनी मैफली गाजविल्या नाहीत. त्यांची मैफल ग्रंथांच्या कपाटात आहे. घराण्याचे नाव नाही, दरबार जवळ नाही, गुरुदक्षिणेला पैसा नाही, अशा माणसालाही ती खुली आहे. सार्वजनिक ग्रंथालयाचा धर्म याहून निराळा नाही. वाचकहो, ग्रंथालयात ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे जीर्ण भाग असतील, तर ते नव्याने बांधून घ्यावेत आणि कपाटाला कुलूप नसावे. एका वकिलाने दारोदार फिरून मिळविलेली ही विद्या पुन्हा बंद दाराआड जाऊ नये, इतकी दक्षता शतक ओलांडणाऱ्या संस्थेने अवश्य घ्यावी.