इंजिनातील तेलाचा पंप आणि त्याची निगा

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणम् नगरात वंगणाविषयी बोलताना दृष्टान्त दूर शोधावा लागत नाही. मेट्टूरचे धरण 1934 साली पुरे झाले. तेव्हापासून प्रघात असा, की पाऊसमान ठीक असेल त्या वर्षी जूनच्या 12 तारखेला धरणाचे दरवाजे उघडतात. पाणी कल्लणैच्या बंधाऱ्यापाशी येते, तेथे कावेरी, वेण्णार आणि कालवा असे वाटले जाते, मोठ्या पाटांतून लहान पाटांत आणि लहान पाटांतून शेतांत शिरते. नागपट्टिनम्‌कडील टोकाच्या शेतांना ते सर्वांत शेवटी मिळते. वाटेत पाट फुटले असतील तर धरण काठोकाठ भरलेले असूनही टोकाचा शेतकरी कोरडाच राहतो. मोटारीच्या इंजिनातील तेलाची व्यवस्था याच जातीची आहे. तिच्यात धरणाच्या जागी तळाचे भांडे असते आणि उताराच्या जागी पंप असतो.

या पंपाकडे मालकाचे लक्ष क्वचितच जाते, कारण तो दिसत नाही. कुंभकोणम्‌च्या परिसरात नवग्रहांची नऊ देवळे आहेत. ती सर्व एका दिवसात घडवून आणणाऱ्या भाड्याच्या गाड्या पहाटे निघतात. सूर्यनार कोविल, तिंगळूर, आलंगुडी, तिरुनागेश्वरम् अशी जवळची ठिकाणे करून त्या थेट तिरुनळ्ळारच्या शनीपर्यंत आणि किनाऱ्याजवळच्या केतूच्या देवळापर्यंत जातात. अंतर फार नसते. पण गाडी सारखी थांबते, पुन्हा सुरू होते, भर उन्हात देवळासमोरच्या अरुंद रस्त्यात गर्दी हटण्याची वाट पाहत मंद गतीवर धडधडत उभी राहते. नेमक्या अशा वेळी चालकासमोरचा तांबडा तेलदिवा लुकलुकू लागतो. मागे यात्रेकरू बसलेले असतात, आणखी चार देवळे उरलेली असतात, आणि गाडी पुढे न्यावी की इंजिन बंद करावे याचा निर्णय चालकाला एकट्याला करावयाचा असतो. चुकीच्या निर्णयाची किंमत म्हणजे बहुधा एक क्रँकशाफ्ट आणि त्याबरोबर काही महिन्यांची कमाई. तो दिवा नेमके काय सांगतो, हे कळण्यासाठी पंपाचे काम समजून घेणे अवश्य आहे.

इंजिनाच्या तळाशी पत्र्याचे किंवा ओतीव धातूचे भांडे असते. मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. त्यातील तेलात जाळीची चाळण बसविलेली एक नळी बुडालेली असते. नळीचे दुसरे टोक पंपाला जोडलेले असते. जुन्या गाड्यांत दोन प्रकारचे पंप सर्रास आढळतात. पहिल्यात घट्ट बसणाऱ्या घरात दोन दंतचक्रे एकमेकांत गुंतून फिरतात. येथे एक समजूत दूर केली पाहिजे. तेल दोन चक्रांच्या मधून पिळून निघते असे अनेकांना वाटते. वस्तुतः ते प्रत्येक चक्राच्या बाहेरच्या बाजूने, दात आणि घराची भिंत यांमधल्या खोबणीत बसून पलीकडे जाते. मधोमध दात गुंतलेले असल्यामुळे त्याला परतीची वाट मिळत नाही, इतकेच. दुसऱ्या प्रकारात चार पाकळ्यांचे आतले चक्र पाच खाचांच्या बाहेरच्या चक्रात किंचित तिरक्या केंद्राभोवती फिरते. दोहोंमधली जागा एका बाजूला वाढते, तेथे तेल ओढले जाते. दुसऱ्या बाजूला ती आकसते, तेथून ते ढकलले जाते. अँबॅसडरसारख्या गाड्यांत हा पंप कॅमशाफ्टवर चाले, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरे. आजच्या बहुतेक गाड्यांत तो क्रँकशाफ्टच्या तोंडाशी किंवा साखळीवर असतो, आणि काहींत गरजेप्रमाणे तेलाचे प्रमाण कमीजास्त करण्याची सोयही असते. मूळ तत्त्व तेच आहे.

पंपातून निघालेले तेल गाळणीतून मुख्य वाहिनीत, तेथून क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांत, शाफ्टला पाडलेल्या छिद्रांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत, आणि सरतेशेवटी वर झडपा उघडणाऱ्या रॉकरांपर्यंत जाते. रॉकर हे या व्यवस्थेतले टोकाचे शेत होय. इंजिन सुरू केल्याबरोबर वरच्या बाजूने काही क्षण टकटक ऐकू येते आणि मग थांबते, ते पाणी टोकाला पोचल्याचे चिन्ह.

आता मुख्य मुद्दा. पंप दाब निर्माण करतो असे म्हणण्याची रीत आहे. परंतु पंप निर्माण करतो तो प्रवाह. प्रत्येक फेऱ्याला तो ठराविक तेल पुढे लोटतो. त्या तेलाला बेअरिंगांच्या अरुंद फटींतून वाट काढावी लागते, आणि त्या अडथळ्यामुळे दाब उभा राहतो. नव्या इंजिनात ही फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते. झिजेने ती दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, सुमारे आठपट होते. कारण फटीतून वाहणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच जुन्या इंजिनात दाब उतरला की तेलपंप बदलून मोकळे होणे हा पुष्कळदा पैशांचा अपव्यय ठरतो. पाट फुटला असताना धरणाचे दरवाजे बदलण्यासारखेच ते होय. नव्या पंपाने सुई थोडी वर येते, मालकाचे समाधान होते, आणि बेअरिंगे झिजतच राहतात.

उष्णतेचा वाटाही लहान नाही. हाताला कोमट लागणारे तेल 40 अंश सेल्सियसला जितके दाट असते, त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यावर ते 100 अंशाला येते. देवळासमोर तापून उभ्या असलेल्या गाडीत तेल सर्वांत पातळ आणि पंपाचा वेग सर्वांत कमी, असे दोन्ही योग एकत्र येतात. जुन्या गाड्यांसाठी मिस्त्री लोकांचा ठोकताळा असा, की दर मिनिटास 1,000 फेऱ्यांमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.7 किलो दाब मिळाला म्हणजे पुरे. भर वेगात तो तीन-चार किलोंच्या वर जाऊ नये यासाठी स्प्रिंगची झडप असते; जादा तेल ती परत भांड्यात सोडते. तिच्या बैठकीखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी झडप उघडीच राहते आणि दाब अकस्मात कोसळतो. पंप काढण्यापूर्वी ही झडप पाहणे शहाणपणाचे.

बेअरिंग प्रत्यक्ष तोलून धरणारा दाब मात्र पंपाचा नसतोच. ही गोष्ट इंग्लंडमध्ये 1883 च्या सुमारास ब्यूचँप टॉवर या अभियंत्याच्या हाती जवळजवळ अपघाताने लागली. रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करताना त्याने वरच्या बाजूला तेल घालण्यासाठी छिद्र पाडले, तर आस फिरू लागताच छिद्रातून तेल बाहेर येऊ लागले. त्याने खुंटी ठोकून ते बंद केले. खुंटीच वर फेकली गेली. फिरता आस स्वतःच तेलाला पाचरीसारखे खाली ओढून त्यावर तरंगतो, हे त्यावरून दिसले, आणि 1886 साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. पंपाचे काम त्या पाचरीला तेल कमी पडू न देणे एवढेच. पण तेवढे थांबले तर धातूला धातू भिडायला वेळ लागत नाही.

तेव्हा तांबडा दिवा म्हणजे पूर्वसूचना नव्हे. बहुतेक गाड्यांत तो दाब अर्ध्या किलोच्या खाली गेल्यावर पेटतो. म्हणजे संकट अगोदरच दारात आलेले असते. गाडी चालत असताना दिवा पेटला, तर बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. पुढच्या गावी मिस्त्री आहे हा विचार करू नये. मंद गतीवर लुकलुकून थोडा वेग देताच विझत असेल, तर प्रसंग तितका तातडीचा नाही, परंतु तपासणीचा खासच आहे. प्रथम सपाट जागी पट्टी काढून तेलाची पातळी पाहावी. ती कमी असेल तर नळी हवा ओढते. फार अधिक असली तरी हानीच, कारण क्रँकशाफ्ट तेल घुसळून त्याचा फेस करतो आणि फेसात दाब टिकत नाही. पातळी ठीक असेल तर दिव्याचे बटण काढून त्या जागी दाबमापक लावावा. बटणेच खराब निघाल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात सापडतात. मापकानेही दाब कमीच दाखविला, तर झडप, चाळण, पंप आणि शेवटी बेअरिंगे या क्रमाने पुढे जावे.

बसवाहतुकीच्या या शहरात, जेथे 1972 साली चोळन परिवहन महामंडळ स्थापन झाले आणि जेथे आजही राज्य परिवहनाच्या एका महामंडळाचे मुख्यालय आहे, नियतकालिक देखभालीचे महत्त्व नव्याने सांगावे लागू नये. खाजगी मालक मात्र तेल काळे दिसले की बदलतो, नाही तर विसरतो. रंगावरून तेलाची परीक्षा होत नाही. मळ स्वतःत धरून ठेवणे हे चांगल्या तेलाचे कामच आहे. जुन्या गाड्यांना साधारण 5,000 किलोमीटरला आणि आजच्या अनेक गाड्यांना 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, तेल आणि गाळणी दोन्ही बदलावीत. नवग्रहांच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीने हे अंतर बरेच कमी धरावे.

चाळणीचा एक शत्रू गॅरेजातच असतो: कॉटन वेस्ट. इंजिन उघडल्यावर भाग पुसताना तिचे तंतू आत राहतात आणि तेलाबरोबर वाहत जाऊन जाळीवर बसतात. जोडावर सढळ हाताने लावलेल्या सिलिकोनच्या लुगदीचेही तसेच. आत सुटलेले तिचे तुकडे हुबेहूब चाळणीच्या मापाचे असतात. भाग पुसण्यास तंतू न सुटणारे स्वच्छ फडके वापरावे.

पंप उघडलाच तर घराच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरून तिच्या आणि चक्राच्या मधली फट फीलर गेजने मोजावी. ही फट साधारणतः मिलिमीटरच्या दशांशाहून अधिक असू नये. नेमका आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतला घ्यावा. झाकणावर चक्रांचे खोल वळ उमटले असतील, तर तेथूनच तेल मागे गळते. कोरडा पंप तेल ओढू शकत नाही, म्हणून बसविण्यापूर्वी तो स्वच्छ तेलाने भरावा आणि चक्रे हाताने फिरवून पाहावीत. सर्व जोडणी झाल्यावरही इंजिन एकदम सुरू करू नये. जुन्या पेट्रोल गाडीत कॉइलची वायर काढून, प्लग सैल करून, स्टार्टरने थोडे थोडे थांबत इंजिन नुसते फिरवावे. मापकाची सुई हलून वर आली, म्हणजे तेल वाहिनीत पोचले. मग प्लग आवळून, वायर जोडून इंजिन सुरू करावे आणि रॉकरांची टकटक थांबेपर्यंत वेग वाढवू नये.