आधी मशागत, मग पेरणी



पेरणीच्या दिवशी कोणी नांगर शोधत नाही. रान आधीच नांगरून, कुळवून ठेवावं लागतं. शेतात आपण हे पाळतो, घरात मात्र विसरतो. बाई अडली की मग धावपळ करतो.

२०१३ साली आपल्या देशानं आरोग्याचं एक धोरण आखलं. वयात येणारी मुलगी, गरोदर बाई, बाळंतीण, तान्हं बाळ, वाढतं मूल आणि पाळणा लांबवणं, या सगळ्यांचा त्यात एकत्र विचार केला. कारण ही एकच साखळी आहे. एक कडी कच्ची राहिली, तर पुढची तुटते.

पहिली कडी मुलीची. पुष्कळ घरांत मुलगी सर्वांच्या मागून जेवते. उरलंसुरलं तिच्या ताटात पडतं. वयात आल्यावर दर महिन्याला रक्त जातं, पण तेवढं भरून येत नाही. त्यातच लवकर लग्न, लगेच दिवस. अशा मुलीचं बाळंतपणात जास्त रक्त गेलं, तर जीव धोक्यात येतो. बाळही कमी वजनाचं होतं.

मग करायचं काय?

मुलीला मुलाइतकंच वाढा. डाळ, पालेभाजी, शेंगदाणे तिलाही द्या. शाळेत लोहाची निळी गोळी आठवड्याला एक मिळते, ती घेऊ द्या. अठरा वर्षं पुरी होण्याआधी लग्न नको. कायदाही हेच सांगतो. दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवा.

दिवस गेले की आशाताईंकडे लगेच नाव नोंदवा. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी घ्यायची. तिनं शौचाला काळं होतं, पण भिऊ नका. चहाबरोबर मात्र ती घेऊ नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट होते.

बाळंतपण दवाखान्यातच करा. सरकारी दवाखान्यात औषध, रक्त, जेवण आणि ने-आण करणारी गाडी फुकट आहे. शस्त्रक्रिया करावी लागली, तरी पैसे लागत नाहीत. ही सोय २०११ पासून आहे.

घरी आल्यावर आशाताई बाळाला पाहायला येतात. या कामाची वाट गडचिरोलीनं दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं गावच्याच बायांना शिकवलं. त्या घरोघर जाऊन बाळं जपू लागल्या. तान्ह्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

देशात २०११ ते २०१३ या काळात लाख जन्मांमागे १६७ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ९७ वर आला. म्हणजे जीव वाचवता येतात. पण त्या ९७ जणीही कुणाच्या तरी लेकी होत्या, हे आपण विसरायचं नाही.

दवाखाना सरकार बांधील. आशाताई दारी येतील. पण मुलीच्या ताटात काय पडतं, ते आपल्याच हाती आहे. आज रात्री जेवायला बसाल, तेव्हा लेकीलाही बरोबर बसवा.