मुळशीचं फार्महाऊस आणि स्टार कासव

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून घेतलाय. ‘मुळशीत फार्महाऊस आहे, स्टार कासवांसाठी मोकळं आवार कसं बांधू?’

सरळ उत्तर देतो: बांधू नका.

आधी कायदा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते विकत घेणं, घरी पाळणं गुन्हा आहे. २०१९ मध्ये साइट्स करारानेही त्याला पहिल्या परिशिष्टात टाकलं. कारण एकच, पाळण्यासाठी होणारी तस्करी.

दुसरं कारण म्हणजे आपला पाऊस. हे कासव गुजरात-राजस्थान आणि दक्षिणेतल्या कोरड्या, झुडपी माळरानांचं. पहिल्या सरी त्याला आवडतात. पण ताम्हिणीकडे महिनोन्‌महिने ऊन नाही, जमीन ओली. तिथे नाक वाहायला लागतं, मग न्यूमोनिया.

मग मोकळं आवार लागतं कुणाला? तस्करांकडून सोडवलेल्या कासवांना. मुळशी तालुक्यातच, बावधनला, वन्यप्राण्यांवर उपचार करणारी रेस्क्यू संस्था आहे. अशा कामात आवार हा शेवटून दुसरा टप्पा. आपल्या आयटीच्या भाषेत स्टेजिंग सर्व्हर. प्रॉडक्शन म्हणजे जंगल.

आधी क्वारंटाइन, कारण एका आजारी कासवामुळे सगळा कळप जाऊ शकतो. मग आवार: पाणी निथळेल असा मातीचा उंचवटा, शेकायला ऊन, लपायला झुडूप, उथळ पाणी. भिंत जमिनीत खोलवर, वर जाळी; नाहीतर मुंगूस, कावळे, कुत्री आहेतच. खायला गवत, पाला. घरात टोमॅटो आणि पोळीवर वाढलेल्या, ऊन न मिळालेल्या कासवाची पाठ मऊ पडते किंवा वेडीवाकडी वाढते. इथे त्याने स्वतः चारा शोधायला शिकायचं असतं.

आणि सोडायचं कुठे? वायव्येकडची आणि दक्षिणेकडची कासवं जनुकीयदृष्ट्या वेगळी आहेत. म्हणून दिसेल त्या माळावर सोडून चालत नाही.

आता महत्त्वाचं. कुणाकडे आधीपासून स्टार कासव असेल, तर भीतीपोटी किंवा पुण्य म्हणून ते मुळशी धरणात सोडू नका. हे जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात बुडून मरेल. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

घरात कासव शुभ असतं म्हणतात. तेवढंच हवं असेल तर देवळातल्या दगडी कासवाला नमस्कार करा. त्याला ना ऊन लागतं, ना पाला.

भेटू पुढच्या भागात!