रजिस्टरची दुसरी प्रत
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शिरूर-दौंडकडच्या कुठल्याही जुन्या शाळेत जा, ऑफिसच्या कपाटात जनरल रजिस्टर असतंच. प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जात त्यात असते आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा कुणबी नोंदींसाठी हीच रजिस्टरं गावोगावी पुन्हा उघडली गेली. एका ओळीवर घरातल्या मुलांचं शिक्षण अवलंबून असतं. त्या ओळीपर्यंत वाळवी आधी पोचली तर?

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. माणसं गेली, फायलींची राख झाली. ज्या कागदाची दुसरी प्रत कुठेच नव्हती, तो कायमचा गेला.

आमच्या व्यवसायात यावर एक साधा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. हे ‘दुसरं ठिकाण’ नीट निवडावं लागतं. आपली घोडनदी पुढे भीमेलाच मिळते. एकाच पुरात, एकाच आगीत दोन्ही प्रती सापडता कामा नयेत.

आणखी दोन गोष्टी. हार्ड डिस्क कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवू नका. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ व्हायरसनं जगभरच्या फायली कुलूपबंद केल्या, त्यात जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही होत्या. दुसरं, फोन क्लाउडशी जुळलेला आहे म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. इकडे फोटो पुसला की बहुतेक वेळा तिकडचाही पुसला जातो. आईवडिलांचे फोटो, त्यांचा आवाज ज्यांच्या फक्त फोनमध्ये आहे, त्यांनी हे आज घरी जाऊनच बघा.

प्रत परत उघडते का, हे तपासणं सर्वांत महत्त्वाचं. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीचा डेटा चुकून पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही धड चालली नाही. एका इंजिनिअरनं सहा तास आधी सहज काढून ठेवलेल्या प्रतीवर निभावलं.

म्हणून माझा प्रस्ताव असा. शाळेला भेट म्हणून घड्याळ किंवा कपाट देण्याऐवजी आपल्या बॅचनं जुनी रजिस्टरं स्कॅन करून द्यावीत. मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीनं, शाळेतच बसून. एकही पान व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाणार नाही, कारण ती लोकांची खासगी माहिती आहे. मूळ रजिस्टर आणि सगळ्या प्रती शाळेच्याच ताब्यात राहतील. दरवर्षी १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की प्रतीतलं कुठलंही एक पान उघडून मूळ रजिस्टरशी ताडून पाहायचं.

शिक्षकांनी आपली नावं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली. ती टिकवायचं काम आता आपलं. शनिवार-रविवार कोण देऊ शकेल, त्यांनी जेवणाआधी नाव नोंदवावं.